कटिंग टेबलावरचा होमवर्क

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात चिंध्या कशा साठतात, ते विचारू नका. टाकायला जावं तर "हा तुकडा कुठेतरी कामाला येईल" असं वाटतं आणि पिशवी पुन्हा कपाटावर चढते. मुलांच्या होमवर्कच्या किस्स्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. कुणी चहाला आलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि मग फिटिंगला आलेली बाई ब्लाउज तसाच हातात धरून ऐकत बसते!

मी कल्पना. बोरीवलीला एका सोसायटीत तळमजल्यावर राहते. पुढच्या खोलीत माझं मशीन आणि एक लांबलचक कटिंग टेबल. मी काही टीचर नाही हं. झालं असं, की तिसऱ्या मजल्यावरची ओवी तिच्या आईबरोबर यायची. आई आत ब्लाउज घालून बघतेय तोवर ही टेबलाच्या कोपऱ्यावर वही उघडून बसायची. एकदा तिने मान वर न करता विचारलं, "काकी, सात चोक किती?" मी कात्री चालवता चालवता म्हटलं, "अठ्ठावीस."

दुसऱ्या दिवशी ती आईशिवाय आली. चौथ्या दिवशी समोरच्या विंगमधल्या हर्षिलला घेऊन आली. मग सोहम आला, मग मागच्या गल्लीतली डिंपल. आता रोज पाच ते सात माझं निम्मं टेबल कापडाचं आणि निम्मं वह्यांचं. बाकी विषय घरी करतात. माझ्याकडे फक्त गणित!

* * *

ओवी तेव्हा चौथीत होती. वहीत गणित होतं: एक ब्लाउज शिवायला दोन तास लागतात, तर पाच ब्लाउज शिवायला किती वेळ लागेल?

मी मनातून खूश. म्हटलं वा, पहिल्यांदा पुस्तकात आपलं काम आलं! आता ही पटकन सोडवेल.

ओवीने जरासुद्धा विचार केला नाही. लिहिलं, "आठ दिवस."

"अगं, आठ दिवस कुठून आले? दोन गुणिले पाच कर ना."

"पण काकी, तू सगळ्यांना आठ दिवसच सांगतेस!"

ब्लाउज न्यायला आलेली बाई दारात उभी होती. ती म्हणाली, "बरोबर सोडवलंय पोरीने. माझा तर पंधरावा चालू आहे."

* * *

ओवीला अपूर्णांक पटत नव्हते. समजत नव्हते असं नाही, पटत नव्हते. एक छेद चार हे एक छेद तीनपेक्षा लहान कसं? चार तर तीनपेक्षा मोठे! यावरून तिने शाळेत बाईंशी वाद घातला आणि घरी येऊन आईशी घातला. मग माझ्याकडे आली, रडवेली होऊन.

मी अस्तराच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एकीचे तीन तुकडे तिला करायला लावले, दुसरीचे चार. म्हटलं, "आता यातला एकेक उचल. बाहुलीचा फ्रॉक कशात होईल?"

तिने दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले. मग म्हणाली, "जास्त जणांत वाटलं की कमी येतं."

"झालं तर मग!"

त्यानंतर आठवडाभर ती माझी इंचाची टेप घेऊनच फिरत होती. पाव इंच कुठे, अर्धा कुठे, पाऊण कुठे. मीही कौतुकाने सगळं दाखवलं. इथे माझी चूक झाली.

शनिवारी पाचव्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. मागच्या दिवाळीचा ब्लाउज घट्ट होतोय म्हणाल्या. "जास्त नको कल्पना, पाव इंच सैल कर फक्त."

ओवीने वहीतून डोकं वर काढलं. वहिनींकडे नीट पाहिलं. आणि माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाली, "काकी, पाव नाही पुरणार. पाऊण घे!"

* * *

हर्षिलचं दुखणं वेगळंच. सहावीतला पोरगा, घरी गुजराती, दारी मराठी, आणि डोकं एकदम झकास. गणित वाचून होईपर्यंत उत्तर तयार! पण मधलं काही लिहायचंच नाही. प्रश्न, आणि खाली थेट उत्तर.

शाळेत मॅडम म्हणाल्या, "पायऱ्या कुठे आहेत? कुणाचं बघून लिहिलंस?"

कॉपी केली म्हटल्यावर पोरगं पार कोमेजलं. माझ्याकडे आला तो दप्तर न उघडता बसून राहिला. मी म्हटलं, "अरे, लिही ना मग पायऱ्या. त्यात काय एवढं?"

त्याने लिहिल्या. "पायरी एक: मी विचार केला. पायरी दोन: उत्तर आलं."

मला हसू आवरेना, पण त्याचे डोळे भरलेले होते, म्हणून मशीनवर वाकले. मग त्याला समोर बसवलं. म्हटलं, "तू लिहू नकोस. तू बोल, मी लिहिते. अठ्ठेचाळीस गुणिले पंचवीस. डोक्यात पहिलं काय येतं?"

"पंचवीस म्हणजे शंभरचा पाव."

लिहिलं. "मग?"

"मग अठ्ठेचाळीसचा पाव करायचा. बारा."

तेही लिहिलं. "मग?"

"मग काय, बारा शंभर. बाराशे!"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. "ह्या बघ तुझ्या पायऱ्या." त्याने तो कागद असा वाचला, जसं काही दुसऱ्या कुणी त्याच्याबद्दल लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला फळ्याशी उभं केलं आणि तीन गणितं घातली. त्याने तिन्हीची उत्तरं पटापट सांगितली, आणि कशी आली तेही सांगितलं. मॅडम भल्या होत्या. वर्गासमोर सॉरी म्हणाल्या. वर म्हणाल्या, "पण हर्षिल, पेपरमध्ये तरी पायऱ्या लिहीत जा रे बाबा."

हर्षिल म्हणाला, "लिहीन मॅडम. पण मी पायऱ्यांनी जातच नाही ना, लिफ्टने जातो!"

* * *

ओवीला न्यायला संध्याकाळी तिचे आजोबा यायचे. मूळचे मालवणकडचे. आयुष्य गिरणीत गेलं, गिरणी बंद झाल्यावर थोडे दिवस गावी, थोडे दिवस इथे मुलाकडे. कानाला जरा कमी ऐकू यायचं. नातीचं बोलणं अर्धं इंग्रजी, यांचं सगळं मालवणी. दोघांचा दिवसभराचा संवाद म्हणजे "जेवलंस?" आणि "हो." बस्स!

एकदा आले तेव्हा ओवी एकाच गणितावर अडून बसली होती. आजोबा दारातल्या स्टुलावर टेकले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काय गो, इतको वेळ काय करतंस? वाच बघू मोठ्यान."

ओवीने ओरडून वाचलं. "सोळा पडदे! एकाला अडीच मीटर कापड! एकूण किती?"

"सोळा अडीच चाळीस."

ओवी थांबली. तिने अडीचचे पाच छेद दोन केले, सोळाने गुणलं, दोनाने भागलं, चार ओळी झाल्या. उत्तर चाळीस.

"परत! सोळा दीड?"

"चोवीस."

"सोळा सव्वा?"

"वीस."

"आजोबा, तुम्ही कॅल्क्युलेटर आहात?"

"नाय गो. कॅल्क्युलेटराक सेल लागता. माका चाय पुरे."

मी चहा ठेवला. त्या संध्याकाळी ते दोघं सातऐवजी साडेसातला गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबा सहालाच येऊन बसायला लागले. त्यांच्या शाळेत पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ करून घ्यायचे म्हणे. ते स्टुलावर बसून म्हणायचे आणि ओवी टेबलाखाली पाय हलवत त्यांच्या मागून. ते मालवणी हेल काढायचे, ही पण तोच हेल काढायची. मला शिवताना पायाला ठेका मिळायचा!

दिवाळी झाल्यावर आजोबा गावी गेले. पंधरा दिवसांनी युनिट टेस्ट होती. सगळा वर्ग चिडीचूप लिहितोय आणि ओवीचे ओठ हलतायत. बाई जवळ आल्या.

"ओवी, काय पुटपुटतेयस?"

ओवी म्हणाली, "आजोबा."

* * *

डिंपल मनोरीची. वडिलांची तिथे होडी आहे. शाळेसाठी ती आणि तिची आई आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहतात, आणि शनिवारी मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने घरी जातात. अबोल मुलगी. चूक कधी नाही, शंका कधी नाही. म्हणून तिने एक दिवस एक गणित कोरं सोडलं, तेव्हा मला नवलच वाटलं.

गणित सोपं होतं. एका होडीला पलीकडच्या काठावर जायला वीस मिनिटं लागतात. त्याच वेगाने जाऊन परत यायला किती वेळ लागेल?

"हे का नाही केलंस?"

"भरती आहे का ओहोटी, ते दिलं नाहीये."

सोहम हसायला लागला. मी त्याला डोळे दाखवले. "डिंपल, ते पुस्तकातलं गणित आहे गं. पाणी शांत आहे असं समज."

तिने पेन्सिल उचलली. चाळीस लिहिलं. पण तिला ते आवडलं नव्हतं. वही मिटता मिटता हळूच म्हणाली, "पपा म्हणतात, पाणी शांत आहे असं कधीच समजायचं नाही."

* * *

आता माझी स्वतःची फजिती सांगते.

गेल्या जूनमध्ये बी विंगमध्ये नवीन कुटुंब आलं. त्यांची रिया पाचवीत. कुणीतरी तिच्या मम्मीला सांगितलं, तळमजल्यावरच्या काकी गणित चांगलं घेतात. त्या आल्या. खोलीवरून नजर फिरवली: मशीन, टांगलेले ब्लाउज, खाली पडलेल्या चिंध्या, टेबलावर चार डोकी. मग एकदम सरळ विचारलं, "तुमचं क्वालिफिकेशन काय आहे?"

त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या मुलीला कुठेही बसवण्याआधी विचारायलाच हवं. पण उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. कारण ही गोष्ट मी माझ्या बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगितली नव्हती. ज्या गणितासाठी ही मुलं माझ्याकडे येतात, त्याच गणितात मी दहावीला नापास झालेली आहे! निकाल लागला त्या दिवशी बाबा पेढे घेऊन घरी आले होते. निकाल कळताच पुडी उचलून शेजारी देऊन आले. म्हणाले, "त्यांच्या पोराला बरे गुण पडलेत."

खोटं बोलता आलं असतं. पण चार डोकी वर झाली होती. त्यांना मी रोज सांगते, चुकलं तर लपवू नका, खाली परत करा.

म्हटलं, "दहावी. आणि गणितात पहिल्या वेळी नापास. ऑक्टोबरमध्ये सुटले."

माझ्या मनात आलं, झालं, वाट लागली. उद्यापासून कुणी यायचं नाही. हातातला खडू मी उगीचच टेबलावर ठेवला आणि परत उचलला.

तेवढ्यात हर्षिल म्हणाला, "म्हणजे काकी, तू दहावीचं गणित दोनदा शिकलीस?"

"हो रे."

तो रियाच्या मम्मीकडे वळला. एकदम सेल्समनसारखा! "आंटी, बघा ना. आमच्या मॅडम एकदाच शिकल्यात."

* * *

सोहमची गोष्ट मी सहसा सांगत नाही. पण आज निघालीच आहे तर ऐका.

सोहम नऊ वर्षांचा. आई एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, यायला सात होतात, म्हणून तो शेवटपर्यंत माझ्याकडे असतो. वडील दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेले. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी काढत नाही. सोहमही काढत नाही.

शाळेने होमवर्क दिला होता: आपल्या घरातल्या माणसांच्या वयांवर दोन उदाहरणं स्वतः तयार करा आणि सोडवा.

मी त्या दिवशी घाईत होते. कुणाच्या तरी साखरपुड्याचा ड्रेस द्यायचा होता. सोहमने वही पुढे केली. लिहिलं होतं: "माझे वय ९. बाबांचे वय ३६. ९ वर्षांनी माझे वय १८ होईल. तेव्हा बाबांचे वय किती असेल? उत्तर: ३६."

मी वाचलं, पेन्सिल घेतली आणि उत्तरावर काट मारली. "अरे, तुझ्यात नऊ मिळवलेस आणि बाबांच्यात विसरलास! पंचेचाळीस ना?"

सोहम म्हणाला, "नाही मिळवायचे."

त्याने ते रागाने म्हटलं नाही. मी चुकले म्हणून मला समजावून सांगावं, तसं म्हटलं.

मला कळलं. कळलं तेव्हा मारलेली काट तिथे होतीच. मी खोडरबर शोधायला लागले आणि मला तो समोर असून दिसेना. डिंपलने हातात आणून दिला. मी ती काट खोडली, कागद फाटणार नाही इतक्या हळू. ड्रेस तसाच राहिला. सोहमला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण तो दुसरं उदाहरण लिहायला लागला होता. हाताने वही झाकून, कुणाला दिसू नये म्हणून.

रात्रभर मला एकच काळजी. शाळेत बाई काय करतील? त्यांना घरचं सगळं कुठे माहीत असणार! सकाळी त्याच्या आईला फोन करावा का, असंही मनात आलं. पण काय सांगणार होते मी तिला?

दुसऱ्या दिवशी सोहम आला. वही काढून टेबलावर ठेवली. पहिल्या उदाहरणापुढे लाल पेनाची बरोबरची खूण होती. इतकी दाबून केलेली की मागच्या पानावर उमटली होती.

दुसऱ्यापुढेही होती. दुसरं उदाहरण असं होतं: "मी किती वर्षांनी बाबांएवढा होईन? ३६ वजा ९ बरोबर २७. उत्तर: २७ वर्षांनी."

मी म्हटलं, "छान केलंस." मग विचारलं, "आणि मग अठ्ठावीस वर्षांनी?"

त्याने बोटं मोजली नाहीत. बहुतेक आधीच करून ठेवलेलं होतं.

"मग मी त्यांचा दादा."

* * *

डिंपलची आई वैशाली बोरीवलीच्या बाजारात मासे विकते. पहाटे उठून माल घेते, दुपारी दीड-दोनला मोकळी होते. एका दुपारी ती माझ्याकडे आली. हातात कापडाची पिशवी नाही, माप देण्याजोगं काही नाही. दाराबाहेरच उभी राहिली.

"ये ना आत."

"नको ताई, अंगाला वास येतो. तुमची कापडं असतात." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मला भागाकार शिकवाल काय?"

मी तिला हाताला धरून आत आणलं. खाली बसायला लागली, तर खुर्चीवर बसवलं. हळूहळू तिने सांगितलं. डिंपल आधी रोज रात्री जेवण झालं की वही घेऊन तिच्याजवळ यायची. "मम्मी, हे बघ ना." चौथीपर्यंत हिने कसंबसं बघितलं. हिची स्वतःची शाळा तिथेच संपलेली. मग मोठे भागाकार आले तेव्हा ही म्हणाली, "मला कुठे येतं गं ते. काकींना दाखव." दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली.

"त्याच्यानंतर ती वही आणायचीच बंद झाली, ताई. आता जेवते आणि कोपऱ्यात बसून एकटीच करते. काही विचारत नाही. मी भांडी घासते, ती लिहिते. घरात दोघीच तर असतो." डोळे पुसून लगेच हसली. "तिला सांगू नका हां. लाज वाटेल मला."

मग आमची दुपारची शाळा सुरू झाली. अडीच ते सव्वातीन, आठवड्यातून तीन दिवस.

वैशाली हुशार होती हो! टोपलीभर बोंबलांचे नजरेने बारा सारखे वाटे लावणारी बाई, तिला भागाकार काय नवीन? पण कागदावरचा आकडा दिसला की हात थबकायचा. कोण आत, कोण बाहेर, वरचा आकडा खाली कधी उतरवायचा, याच्यावरच आमचे चार दिवस गेले. बाकी उरली की ती अस्वस्थ व्हायची.

"ही दोन उरली त्यांचं काय करायचं?"

"काही नाही. बाकी दोन लिहायचं."

"असं कसं, ताई? आम्ही मांजराला घालतो!"

महिनाभराने एका दुपारी ती धावतच आली. आत येताना वासाबिसाचं काही बोलली नाही, थेट खुर्चीवर बसली.

"ताई, काल मी डिंपलची चूक पकडली!"

"काय सांगतेस!"

"ती लिहीत होती, मी मागून पाणी प्यायला उठल्यासारखी उठले आणि बघितलं. बाराशे सहाला सहाने भागलेलं. हिने लिहिलं एकवीस. मी म्हटलं, डिंपल, बाराशे मासे सहा टोपल्यांत घातले तर एका टोपलीत एकवीसच? बाकीचे काय उड्या मारून गेले? मधलं शून्य कुठाय तुझं?"

"मग?"

"मग काय! बघतच राहिली माझ्याकडे. म्हणते, मम्मी, तुला कसं आलं? म्हटलं, बाजारात बसून येतं सगळं." असं म्हणून ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. "आणि ताई, वही घेऊन जवळ सरकून बसली. झोपेपर्यंत तिथेच होती."

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी वैशालीची बातमी असायची. आज बेरीज चुकलेली पकडली. आज हातचा राहिलेला पकडला. "पोरगी हुशार आहे, पण धांदरट आहे जरा," असं आईच्या तोऱ्यात म्हणायलाही लागली. तिचं ऐकून मला आनंद व्हायचा, पण थोडं कोडंही वाटायचं. कारण माझ्याकडे डिंपलचं एकही गणित चुकत नव्हतं. मी म्हटलं, घरी दमलेली असेल.

परवाची गोष्ट. सात वाजत आले होते. बाकीची मुलं गेली होती. डिंपल रफ वहीतली गणितं चांगल्या वहीत उतरवत होती. मी टेबलावरचे दोरे गोळा करत तिच्या मागे आले आणि सहज बघितलं. नऊशे छत्तीस भागिले बारा. रफमध्ये उत्तर अठ्ठ्याहत्तर, अगदी बरोबर. चांगल्या वहीत मात्र तिने सुंदर अक्षरात शहात्तर लिहिलं होतं.

"डिंपल, इथे बघ. रफमध्ये बरोबर आहे आणि उतरवताना चुकलंस. खोड ते."

मी खोडरबर पुढे केला. तिने घेतला नाही. त्या शहात्तरवर तळहात ठेवला आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"राहू दे काकी. तेवढं एक मम्मीसाठी ठेवलंय."